वेंकोजीरावांचं ‘आयतु’

वेंकोजीरावांनी आयुष्यात स्वतःहून घेतलेले निर्णय फार नाहीत. नोकरी वडिलांनी ठरवली, बायको आत्यानं ठरवली आणि त्यापुढचं सगळं बायकोनं. त्यामुळे साठी ओलांडल्यावर, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, झोपाळ्यावर पडल्या पडल्या त्यांनी एक निर्णय स्वतःचा स्वतः घेतला तेव्हा त्यांना बरंच हलकं वाटलं. निर्णय एवढाच, की यापुढे दुपारी दारात जो येईल त्याला एकच शब्द म्हणायचा. ‘आयतु.’

म्हैसूरबाहेरच्यांना सांगायला हवं, की कन्नडात ‘आयतु’ म्हणजे ‘झालं’. पण तो शब्द तेवढ्यावर थांबत नाही. ‘बरं’, ‘कळलं’, ‘होईल’, ‘पुरे आता’, ‘या तुम्ही’ असं सगळं त्यात मावतं. म्हणणाऱ्यानं ‘या तुम्ही’ म्हणून म्हणावं आणि ऐकणाऱ्यानं ‘होईल’ म्हणून ऐकावं, अशी त्याची सोय आहे. वेंकोजीरावांचे पूर्वज कधीकाळी तलवारी घेऊन इकडे आले, म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत राहिले. पुढे तलवारी गेल्या, घोडे गेले. घरात मराठी तेवढी राहिली आणि त्या मराठीत हा ‘आयतु’ येऊन बसला. (तो कुठल्या लढाईत मिळाला, ते घरात कुणाला ठाऊक नाही.)

दुपारी दारात माणसं येत त्याला कारण होत्या भागीरथीबाई. आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि त्याच सुमारास कुवेंपुनगरातला त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. वॉर्डातल्या निम्म्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी. उरलेल्या निम्म्यांना, बाई निवडून आल्या नाहीत तर पुन्हा शाळेत येतील की काय, अशी भीती. बाई कार्पोरेशनवर निवडून आल्या. त्या दिवसापासून घराचा नंबर पुसला गेला आणि ते ‘मेंबरम्मांचं घर’ झालं. वेंकोजीरावांचं नावही असंच पुसलं जाऊन ते ‘मेंबरम्मांचे यजमान’ झाले. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. मेटगळ्ळीच्या कारखान्यात ते जन्मभर ड्राफ्ट्समन होते. नटबोल्टांच्या आकृत्या काढता काढता त्यांचं मन कुठल्या कुठं जाई, आणि जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की परत येई. आता भोंगाही नव्हता. मन एकदा गेलं की संध्याकाळपर्यंत तिकडेच.

दुपार तशीच होती. समोरच्या टॅबेबुयाच्या झाडावर पान नव्हतं, नुसती गुलाबी फुलं होती, आणि ती एकेक करून इतक्या सावकाश खाली येत की जणू अर्ध्या वाटेवर त्यांचा विचार बदलावा. लांब चामुंडीची टेकडी उन्हात विरघळलेली. झोपाळ्याची कडी कुरकुरे, थांबे, कुरकुरे. अशात कुणी फाटक वाजवलं की वेंकोजीरावांना तो आवाज दुसऱ्या गावातून आल्यासारखा वाटे.

आणि त्या महिन्यात फाटक फार वाजत होतं. कार्पोरेशनचं बजेट तोंडावर आलेलं, तिजोरीत खडखडाट. दोनच वाटा होत्या. एक तर घरपट्टी वाढवायची, नाहीतर खर्चाला कात्री लावायची. कात्री म्हणजे वॉर्डातली बाग बंद, बागेतलं वाचनालय बंद, रस्त्यावरचे सार्वजनिक नळ बंद. निम्मे मेंबर या बाजूला, निम्मे त्या बाजूला, आणि भागीरथीबाई अजून कुठल्याच बाजूला नव्हत्या. उत्तर ताळा करून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. सकाळी डबा घेऊन त्या बैठकांना जात, त्या दिवेलागणीला येत. तेव्हा लोकांनी घरी असणाऱ्याला गाठायचं ठरवलं.

पहिले आले नरसिंहमूर्ती. बँकेतून निवृत्त झालेले, घरमालक संघाचे सेक्रेटरी. त्यांच्या बोलण्यात मुद्दे असत आणि मुद्द्यांच्या पोटात पोटमुद्दे. वेंकोजीराव पहिल्या मुद्द्यापर्यंत जागे होते. दुसऱ्या मुद्द्याला वाऱ्याची झुळूक आली. तिसऱ्याला नरसिंहमूर्तींचा आवाज नदीपलीकडून कुणी गुरं हाकावीत तसा येऊ लागला. मग तो थांबला.

“तर घरपट्टी वाढता कामा नये. बाईंनी वाढीच्या विरोधात हात वर करावा. काय?”

“आयतु,” वेंकोजीराव म्हणाले.

नरसिंहमूर्ती हात जोडून गेले. इतक्या थोडक्यात आपलं म्हणणं पटलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोगऱ्याचा वास आला. डोळे किलकिले केले तर कृष्णवेणी आणि वरलक्ष्मी या जावाजावा पायरीवर बसलेल्या. बागेत संध्याकाळी बसणाऱ्या बायकांच्या वतीनं त्या आल्या होत्या.

“बागेला कुलूप लागलं तर आम्ही संध्याकाळी जायचं कुठं?” कृष्णवेणी म्हणाली.

“घरी सुना असतात,” वरलक्ष्मीनं अडचण समजावून सांगितली. “त्यांनाही स्वल्प मोकळीक नको का? घरपट्टी थोडी वाढली तर वाढू दे, पण बाग राहू दे.”

मोगऱ्याच्या वासात वेंकोजीराव एका बागेत गेले होते. तिथं बाकांवर पुष्कळ सासवा पांढऱ्या पक्ष्यांसारख्या बसल्या होत्या. त्यांना उडवून लावणं त्यांच्या जिवावर आलं.

“आयतु,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी फाटकापाशी अंधारून आलं. डोळे न उघडताच ते त्यांना जाणवलं. उघडले तर ऊन तसंच होतं, फक्त फाटकाच्या जागी राखाडी रंग होता. त्या रंगात एक लहानसा ओला डोळा. तो डोळा त्यांच्याकडे फार ओळखीचा असल्यासारखा पाहत होता. कुठून तरी वाळल्या गवताचा वास आला, आणि उंचावरून एक माणूस कन्नडात काही सांगू लागला. कोपऱ्यावरचा नळ बंद झाला तर हिला आंघोळ कुठं घालायची, असं काहीतरी. वेंकोजीराव त्या डोळ्याकडे पाहत म्हणाले, “आयतु.” मग राखाडी रंग हलला, फाटकाच्या आतल्या बाजूनं काहीतरी मोडल्याचा आवाज आला, आणि पुन्हा फुलं पडू लागली.

संध्याकाळी भागीरथीबाई आल्या. चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, “या दोन-तीन दिवसांत कोण कोण येऊन गेलं?”

वेंकोजीरावांनी आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. “नदीपलीकडून नरसिंहमूर्ती बोलत होते.”

“कुठली नदी?”

“नदी नसेल. मग पांढऱ्या सासवा होत्या. आणि आज हत्ती आला होता.”

“हत्ती सोडून सांगा.”

“हत्तीच तेवढा स्पष्ट आठवतोय.”

भागीरथीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. “फाटकाजवळची केळ कुणी नेली?”

“तेच तर सांगतोय,” वेंकोजीराव म्हणाले. पण बाई तोवर कुकर लावायला आत गेल्या होत्या.

रविवारी सकाळी खुलासा झाला. नरसिंहमूर्ती घरमालक संघाच्या मंडळींसह हार आणि फळांची परडी घेऊन दारात हजर झाले. त्याच वेळी पलीकडून कृष्णवेणी आणि वरलक्ष्मी आपल्या मैत्रिणींसह आल्या. त्यांच्याकडेही हार होता. दोन्ही हार पाहून दोन्ही बाजूंना आनंद झाला, आणि तो थोडा वेळ टिकलाही.

“तुम्हीही आभार मानायला आलात?” नरसिंहमूर्तींनी विचारलं.

“मग. पट्टी वाढवून का होईना, बाग राखणार असा शब्द मिळालाय,” कृष्णवेणी म्हणाली.

“पट्टी वाढवून? अहो, पट्टी वाढणार नाही असा शब्द आम्हाला मिळालाय.”

“कुणी दिला?”

“यजमानांनी.”

“आम्हालाही यजमानांनीच दिला.”

सगळ्यांनी मिळून झोपाळ्याकडे पाहिलं. झोपाळा रिकामा होता, पण अजून हलत होता. (यजमान स्वयंपाकघरात, कॉफीच्या डब्याच्या आडोशाला उभे होते.)

भागीरथीबाई ओले केस पंच्यात गुंडाळून बाहेर आल्या आणि अंगणात वर्गासारखी शांतता झाली.

“नेमकं काय म्हणाले ते?” त्यांनी विचारलं.

“आयतु म्हणाले,” नरसिंहमूर्तींनी सांगितलं.

“आम्हालाही आयतु म्हणाले,” वरलक्ष्मीनं सांगितलं.

“आम्हालाही, अम्मा,” फाटकाबाहेरून, उंचावरून आवाज आला. बाईंनी वर पाहिलं. एका मठाची हत्तीण फाटकावरून सोंड आत घालून उरल्या केळींचा अंदाज घेत होती, आणि तिच्या मानेवरून माहूत हात जोडत होता. भागीरथीबाईंनी डोळे मिटले. नवऱ्याला खरंच ताप नव्हता, हे त्यांना आता पटलं, आणि त्याचा त्यांना आनंद झाला नाही.

“माझा शब्द मी देते,” त्या म्हणाल्या. “अजून कुणालाच दिलेला नाही. सभेच्या दिवशी देईन.”

मंडळी हिरमुसली. हार परत नेणं बरं दिसेना, म्हणून दोन्ही हार हत्तिणीला घातले. तिनं ते दोन्ही, कुठलाही पक्ष न घेता, खाऊन टाकले.

आत आल्यावर बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर वेंकोजीरावांना सोपं गेलं असतं. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “पट्टी वाढणार नाही, बाग राहील, नळ राहील, आणि तिजोरी रिकामी. हे गणित तुम्ही सोडवून दाखवा.”

वेंकोजीरावांनी थोडा वेळ तुळईकडे पाहिलं. “मला तिघांचंही बरोबर वाटलं.”

“झोपेत सगळ्यांचंच बरोबर वाटतं.” मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. “अहो, मला अजून कळत नाहीये काय करायचं ते. रोज जाते, आकडे ऐकते, परत येते. पट्टी वाढवली तर पेन्शनवाले मरतात, कापलं तर ज्यांच्या घरी नळ नाही ते मरतात. आणि मला कळायच्या आत तुम्ही सगळ्यांना हो म्हणून बसता.”

हे ऐकून मात्र वेंकोजीराव पुरते जागे झाले. बायकोला न सुटणारं गणित असू शकतं, ही गोष्ट त्यांनी संसारात प्रथमच ऐकली. “मग मी काय करू?”

“प्रत्येकाच्या घरी जा आणि शब्द परत घेऊन या.”

ते निघाले. नरसिंहमूर्तींच्या घरी वेताच्या खुर्चीत त्यांना बसवण्यात आलं. डोक्यावर पंखा अगदी हळू फिरत होता, कुणीतरी झोपवायला थोपटावं तसा.

“मी परवा जे बोललो ते—” वेंकोजीरावांनी सुरुवात केली.

“कळतं, कळतं,” नरसिंहमूर्ती म्हणाले. “बायकोपुढे कुणाचं चालतं? पण तुमचं मन आमच्या बाजूला आहे, हे मी ओळखलंय. राव, आमच्या संघाला अध्यक्ष नाही. सभेच्या दिवशी आम्ही कार्पोरेशनपुढे मांडव घालतोय. तुम्ही सुम्ने बसायचं. बोलायचं नाही, काही नाही. नुसतं बसायचं.”

नुसतं बसायचं हे शब्द वेंकोजीरावांच्या कानाला फार गोड लागले. पंखा फिरत होता. पुढे ते काय म्हणाले, ते सांगायची गरज नाही.

कृष्णवेणीकडे त्यांनी पंख्याखाली बसायचंच टाळलं. पण तिथं वरलक्ष्मीनं मद्दूर वडा आणला, आणि तोंडात वडा असताना माणसाला जो एकच सोपा शब्द उच्चारता येतो तो त्यांनी उच्चारला. बाहेर पडले तेव्हा ते ‘बाग बचाव’ समितीचेही अध्यक्ष होते.

परतताना कोपऱ्यावरच्या नळापाशी ते थबकले. ऊन कलतं झालं होतं. हत्तीण रस्त्याच्या कडेला कुशीवर पडली होती, आणि माहूत नळाला लावलेल्या पाइपानं तिच्यावर पाणी सोडत होता. पाण्यातून ऊन जाऊन तिच्या पाठीवर इंद्रधनुष्य धरत होतं, मोडत होतं, परत धरत होतं. माहुतानं काही मागितलं नाही. त्यानं फक्त घासायला नारळाची एक शेंडी पुढे केली. वेंकोजीरावांनी पँट दुमडली आणि ते तिचा कान घासू लागले. कान एवढा मोठा होता की एका टोकाशी घासताना दुसऱ्या टोकाशी काय चाललंय ते दिसत नव्हतं. कडेला तो गुलाबी होता, ठिपक्याठिपक्यांचा, वेंकोजीरावांच्या झाडाच्या फुलांसारखा. किती वेळ गेला कळलं नाही.

“घेतलात शब्द परत?” दारात भागीरथीबाईंनी त्यांच्या गुडघ्यापर्यंत ओल्या पँटकडे पाहत विचारलं.

“जवळजवळ,” वेंकोजीराव म्हणाले.

सभेच्या दिवशी त्यांनी बायकोच्या मागोमाग, पण तिला दिसणार नाही इतकं अंतर ठेवून, कार्पोरेशन गाठलं. आवारात मांडव एकच घालायला परवानगी होती. म्हणून डाव्या बाजूला घरमालक संघ बसला, उजव्या बाजूला बाग बचाव, आणि मधोमध दोन्ही अध्यक्षांसाठी एक खुर्ची. डावीकडून घोषणा झाली की वेंकोजीराव डावीकडे मान हलवत, उजवीकडून झाली की उजवीकडे. लांबून पाहणाऱ्याला ते गाणं ऐकताहेत असं वाटलं असतं.

दुपारी शिपाई निरोप घेऊन आला. लोकांच्या वतीनं एका प्रतिनिधीला आत येऊन दोन शब्द बोलता येतील.

“आमचे अध्यक्ष,” डावी बाजू म्हणाली.

“आमचे अध्यक्ष,” उजवी बाजू म्हणाली. त्या दिवशी दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते तेवढंच.

सभागृहात गार होतं. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, जड पडदे, आणि पडद्यांच्या फटीतून आलेल्या उन्हात तरंगणारी धूळ. पुढच्या ओळीत भागीरथीबाई बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. नवरा तिथंच होता.

वेंकोजीरावांपुढे माईक आणून ठेवला. माईकच्या बुडाशी एक लाल बटण होतं. मेटगळ्ळीत जन्म घालवलेल्या माणसाला लाल बटणाचा एकच अर्थ ठाऊक असतो: ते दाबलं की सगळी मशिनं बंद पडतात आणि फोरमन धावत येतो. त्यांनी हात मागं बांधले आणि बोलायला सुरुवात केली.

आणि काय आश्चर्य, ते बोलत गेले. पंख्याकडे पाहत, उन्हातल्या धुळीकडे पाहत, मनात इतके दिवस साठलेलं सगळं शब्दांत येत गेलं. आपण सगळ्यांना हो म्हणालो, कारण कुणीच वाईट काही मागायला आलं नव्हतं, असं ते म्हणाले. एकाला आपल्या घरात निर्धास्त झोपायचं होतं, एकीला संध्याकाळी घराबाहेर बसायचं होतं, आणि एकीला नुसतं भिजायचं होतं. गाव म्हणजे दुसरं काय असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मध्येच मेयरांनी वाकून भागीरथीबाईंना काही विचारलं, बाई उठून काहीतरी बोलल्या, पण वेंकोजीराव तोवर हत्तीच्या कानापाशी पोचले होते. त्यांनी शेवटचं वाक्य संपवून नमस्कार केला, आणि टाळ्या झाल्या. मोठ्या टाळ्या. मेयरांनीही वाजवल्या. मग हात वर झाले, हात मोजले गेले, घरपट्टीत थोडी वाढ मंजूर झाली, बाग राहिली, नळ राहिले. वेंकोजीरावांना ते सगळं पाण्याखालून दिसत होतं. बाहेर मांडवात अर्धे लोक आनंदानं ओरडत होते आणि अर्धे गप्प होते. कुठले अर्धे कुठल्या बाजूचे, ते त्यांनी पाहिलं नाही.

भागीरथीबाईंनी स्कूटी सुरू केली, ते मागं बसले. रस्ताभर गुलाबी फुलं पडलेली. स्कूटीच्या चाकांखाली त्यांचा आवाजही होत नव्हता. वेंकोजीरावांनी बराच वेळ बायको काय म्हणते याची वाट पाहिली.

“कसं झालं?” शेवटी त्यांनीच विचारलं.

“काय?”

“भाषण.”

सिग्नलला बाईंनी स्कूटी थांबवली. “अहो, बटण दाबायचं असतं.”

“कसलं बटण?”

“माईकचं. लाल. तुमचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही.”

सिग्नल हिरवा झाला, स्कूटी पुढे गेली, वेंकोजीराव मात्र मनानं थोडा वेळ सिग्नलपाशीच राहिले. “मग टाळ्या कशाला वाजल्या?”

“मेयरांनी मला विचारलं, हे काय म्हणताहेत? तुम्ही न बोलता काय म्हणता ते समजणारी तिथं मी एकटीच. म्हणून मी सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“की घरमालक संघाचे अध्यक्ष स्वतः म्हणताहेत, बाग आणि नळ राहणार असतील तर आम्ही घरमालक थोडी जास्त पट्टी आनंदानं भरू.” त्यांनी एक रिक्षा मागं टाकली. “विरोधातल्या दोघांनी तुमच्याकडे पाहून हात वर केले. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं ना, त्याचा परिणाम झाला.”

“पण मी तसं म्हणालो नव्हतो.”

“मग काय म्हणालात?”

वेंकोजीराव आठवू लागले. जागं झाल्यावर स्वप्न सरावं तसं भाषण सरून गेलं होतं. मागं एक पंखा तेवढा फिरत होता. “काहीतरी हत्तीच्या कानाबद्दल होतं,” ते म्हणाले.

“मग माझंच बरं होतं,” बाई म्हणाल्या.

फाटकापाशी नरसिंहमूर्ती उभे होते, मागं संघाची मंडळी. कुणाच्या हातात हार नव्हता. भागीरथीबाई स्कूटी आत घेऊन गेल्या, पण दाराचं कुलूप काढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. किल्ली हातात धरून, पाठमोऱ्याच, त्या उभ्या राहिल्या.

“आम्ही घरमालक आनंदानं जास्त पट्टी भरू,” नरसिंहमूर्ती एकेक शब्द तोलत म्हणाले. “तुम्ही असं म्हणालात?”

वेंकोजीरावांनी बायकोच्या पाठीकडे पाहिलं. रोज डबा घेऊन जाणारी आणि उत्तर न सापडता परत येणारी ती पाठ होती. आज ताळा जमला होता, आणि तो त्यांच्या एका शब्दावर टेकला होता. आयुष्यात प्रथमच त्यांना दोन अर्थांचा शब्द नको वाटला.

“हो,” ते म्हणाले. “मीच म्हणालो.”

किल्ली फिरल्याचा आवाज आला.

नरसिंहमूर्तींनी त्यांचं अध्यक्षपद तिथंच, फाटकात, काढून घेतलं. मंडळी गेली. मग भागीरथीबाई दोन पेले कॉफी घेऊन बाहेर आल्या आणि निवडणुकीनंतर पहिल्यांदाच, दिवसाउजेडी, झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसल्या. कॉफीत साखर एक चमचा जास्त होती. वेंकोजीरावांनी ती शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

त्यानंतर दुपारी फाटक वाजेनासं झालं. ज्या शांततेसाठी एवढं रामायण घडलं ती आता होती, फुलं होती, टेकडी होती, पण मन कुठं जाईना. जायला निघालं की वाटेत थांबून, फाटक वाजलं का, ते ऐके. झोपाळ्यावर वेंकोजीराव ते भाषण पुन्हा जुळवू लागले. दर दुपारी ते थोडं अधिक चांगलं होत गेलं. ऐकणारं कुणी नव्हतं एवढंच.

आणि एका दुपारी फाटक वाजलं. खांद्याला पिशवी लावलेला एक पोक्त गृहस्थ आत आला. वेंकोजीराव इतके लगबगीनं उठले की झोपाळा मागून येऊन त्यांना लागला. त्यांनी पाहुण्याला बसवलं, कॉफी केली, आणि तो काही बोलायच्या आत सगळं भाषण म्हणून दाखवलं. पाहुण्यानं शांतपणे ऐकलं, पुन्हा अर्धा पेला कॉफी घेतली आणि मान डोलावली.

“सुंदर,” तो म्हणाला. “हे आम्हाला तिथं ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. मी कार्पोरेशनचा, सर. घरपट्टी विभाग. मेडमनी सांगितलंय, ज्यांनी वाढ मागितली त्यांच्या घरापासून सुरुवात करा.”

त्यानं पिशवीतून नव्या पट्टीची नोटीस काढली. वेंकोजीरावांना राग आला नाही. उलट छाती थोडी भरून आली. गावासाठी पहिला भार आपण उचलतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी चष्मा लावला, बाही सावरली, पेन उघडलं.

पाहुण्यानं कागद हळूच मागं घेतला. “तुमची नको, सर. मालकाची सही लागते. घर मेडमच्या नावावर आहे.”

“आणि माझं नाव?”

त्यानं कागद वरून खाली पाहिला, उलटून मागची बाजूही पाहिली. “यात कुठं दिसत नाही.” मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं वेंकोजीरावांकडे कुतूहलानं पाहिलं. “पण घरमालक संघाचे अध्यक्ष तुम्हीच होतात ना?”

वेंकोजीरावांनी पेनाचं टोपण लावलं.

“असू दे. मी संध्याकाळी येतो,” पाहुणा पिशवी खांद्याला लावत म्हणाला. फाटकापाशी जाऊन तो वळला. “मेडमना तेवढं सांगाल का, सर? की शेजारी निरोप ठेवून जाऊ?”